ब्लॅक फॉरेस्टमधील एक दिवस : धबधबा, कोकीळ आणि बसचालकाचे घड्याळ

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत फ्रान्स किंवा जर्मनीहून स्वित्झर्लंडकडे जाण्याच्या टप्प्यावर एक ओळ बहुधा आढळतेच : 'ब्लॅक फॉरेस्टमधून प्रवास, ककू क्लॉकचे प्रात्यक्षिक, धबधबा'. एका ओळीत उरकलेला हा कार्यक्रम म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण दिवस असतो. त्या दिवशी बस साधारण अडीचशे किलोमीटर धावते आणि चार-पाच ठिकाणी थांबते. परत आलेल्यांकडे विचारणा केली, तर अनेकांना घड्याळाचे दुकान नीट आठवते. धबधबा मात्र अंधुक आठवतो. असे का घडते, याचे उत्तर काही अंशी भूगोलात आहे, काही अंशी बाजारात आणि बऱ्याच अंशी बसचालकासमोर बसवलेल्या एका छोट्या यंत्रात.

ब्लॅक फॉरेस्ट, जर्मन भाषेत श्वार्त्सवाल्ड, हा जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचा डोंगराळ भाग होय. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १६० किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर आणि सर्वोच्च शिखर फेल्डबेर्ग, १४९३ मीटर. म्हणजे उंचीच्या बाबतीत महाबळेश्वरच्या पठाराशी त्याची तुलना सहज करता येते. साम्य एवढ्यावर संपत नाही. सह्याद्रीचा पश्चिम उतार जसा कोकणाकडे कड्यासारखा तुटलेला आहे आणि पूर्वेकडे देश हळूहळू उतरत जातो, तसेच येथेही आहे. पश्चिमेला ऱ्हाईन नदीचे सपाट खोरे असून त्याकडे डोंगर झपकन उतरतात; पूर्वेला जमीन सावकाश डॅन्यूबकडे कलते. सुमारे साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वी येथे भूकवच ताणले जाऊन मधली पट्टी खचू लागली. ती पट्टी म्हणजे आजचे ऱ्हाईनचे खोरे. तिच्या दोन्ही कडा उचलल्या गेल्या. एक फ्रान्समधील व्होज पर्वत, दुसरी ब्लॅक फॉरेस्ट. येथील धबधबे मुख्यतः पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्यांवर का आहेत, हे यातून उलगडते. खोरे खाली गेले आणि त्याकडे धावणाऱ्या ओढ्यांनी पठाराची कड कुरतडत नेली.

खोऱ्यातून वर

एका दिवसाची सहल अनेक शहरांतून निघते. फ्रायबुर्ग, स्टुटगार्ट, झुरिक, स्ट्रासबुर्ग ही त्यांपैकी नेहमीची. उदाहरणादाखल स्ट्रासबुर्गचा मार्ग घेऊ, कारण त्यात या प्रदेशाचा पुरा छेद पाहावयास मिळतो. सकाळी आठ वाजता बस सुटते, ऱ्हाईनवरील पूल ओलांडून जर्मनीतील केल गावात शिरते आणि ऑफेनबुर्गवरून किंत्सिग नदीच्या खोऱ्यात वळते. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड हे तिन्ही देश शेंगेन करारात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. तथापि सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली होती. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघालेला एक प्रवासी सीमेवर साऱ्या बसला खोळंबून ठेवू शकतो, हे लक्षात ठेवावे.

किंत्सिग ही आज शांत दिसणारी नदी एकेकाळी या प्रदेशाचा महामार्ग होती. डोंगरातील उंच सरळ सुरू-देवदारांचे ओंडके एकत्र बांधून त्यांचे लांबलचक तराफे या नदीतून ऱ्हाईनमध्ये व पुढे थेट हॉलंडपर्यंत नेले जात. तेथे त्यांची जहाजे होत आणि दलदलीच्या जमिनीत घरांच्या पायाखाली खांब म्हणून ते ठोकले जात. लाकूड हॉलंडला, कोळसा भट्ट्यांना, राख काचकारखान्यांना अशी वाटणी होत होत अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत हे डोंगर कित्येक ठिकाणी उघडे पडले. नंतर जे जंगल लावले गेले ते प्रामुख्याने झपाट्याने वाढणाऱ्या स्प्रूसचे. बसच्या खिडकीतून दिसणारी दाट, काळपट हिरवी भिंत पाहून 'आदिम अरण्य' असे उद्गार निघतात. परंतु तिचा मोठा भाग माणसाने ओळीत लावलेला आहे. मुळात येथे बीच, देवदार आणि स्प्रूस यांचे मिश्र रान होते.

गुताख गावाजवळ मार्गदर्शक हटकून एका टोपीची गोष्ट सांगतो. पांढऱ्या गवती टोपीवर लोकरीचे मोठाले गोंडे. अविवाहित मुलीचे लाल, विवाहित स्त्रीचे काळे. टोपीवर चौदा गोंडे असतात, पैकी अकरा दिसतात. टोपीचे वजन दोन किलोपर्यंत भरते. आज ही टोपी साऱ्या ब्लॅक फॉरेस्टचे चिन्ह बनली आहे. पण परंपरेने ती गुताख, किर्नबाख व राइखेनबाख या तीनच गावांची. १९५० सालच्या एका गाजलेल्या रंगीत जर्मन चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. नऊवारी आणि नथ म्हणजे अवघा महाराष्ट्र असे परक्याने समजावे, तसाच हा प्रकार. याच गावात १९६४ साली सुरू झालेले जुन्या शेतघरांचे खुले संग्रहालय आहे. तेथील मूळ घर १६१२ सालचे. जमिनीपर्यंत उतरणारे अवाढव्य छप्पर, त्याखाली माणसे, गुरे आणि वर गवताची गंजी, सर्व एकाच छताखाली. ज्यांनी कोकणातील किंवा घाटावरील जुनी चौसोपी घरे पाहिली आहेत, त्यांना येथे तास कमी पडेल. दुर्दैवाने बहुसंख्य सहलींत हे संग्रहालय 'बाहेरून दर्शन' या सदरात जाते.

कार्यक्रमपत्रिकेची भाषा येथे समजून घ्यावयास हवी. 'भेट' म्हणजे बसमधून उतरून, तिकीट काढून आत जाणे. 'दर्शन' किंवा 'पॅनोरमिक टूर' म्हणजे खिडकीतून पाहणे. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटे. 'प्रवेशशुल्क समाविष्ट' असे स्पष्ट लिहिले नसेल, तर ते समाविष्ट नाही असेच धरून चालावे. ट्रीबेर्गच्या धबधब्याला तिकीट आहे.

ट्रीबेर्ग

गुताख नदी ट्रीबेर्ग गावाच्या डोक्यावरून सात टप्प्यांत खाली येते. एकूण उतार १६३ मीटर. जाहिरातीत याला 'जर्मनीतील सर्वांत उंच धबधबा' म्हटले जाते, ते तितकेसे खरे नाही. बव्हेरियातील बेर्खटेसगाडेन भागातला र्‍योटबाख प्रपात त्याहून कितीतरी उंच आहे. परंतु तेथे बस जात नाही आणि ट्रीबेर्गचे प्रवेशद्वार भर गावात आहे. प्रसिद्धीचे गणित असेच असते.

महाराष्ट्रातील पर्यटकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची होते. ज्याने श्रावणात ठोसेघर पाहिला आहे किंवा ताम्हिणीतून भिजत प्रवास केला आहे, त्याला हा प्रपात किरकोळ वाटतो. सात टप्पे झाडीत लपलेले असल्याने एका नजरेत सारा धबधबा कधीच दिसत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली, तर पाहण्याची दृष्टी बदलते. हा धबधबा फेब्रुवारीत वाहतो, मे महिन्यात वाहतो आणि ऑक्टोबरातही वाहतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मार्चमध्ये आपले बहुतेक धबधबे कोरडे खडक असतात. ब्लॅक फॉरेस्टच्या उंच भागात वर्षाचा पाऊस त्याच्या तृतीयांशाइतकाच, मात्र तो बारा महिन्यांवर विभागलेला. हिवाळ्यातील वाटा बर्फाच्या रूपाने साठून राहतो आणि वसंतात हळूहळू वितळतो. वरच्या पठारावरील दलदली आणि जंगलाखालची भुसभुशीत माती पाणी धरून ठेवते व सावकाश सोडते. आपला बेसाल्ट आणि येथला ग्रॅनाइट, दोन्ही पाणी साठवण्याच्या कामी फारसे उदार नाहीत. फरक पडतो तो पावसाच्या वेळापत्रकाने आणि खडकावरच्या मातीने. सर्वाधिक पाणी पाहावयाचे असेल, तर बर्फ वितळण्याचा काळ किंवा जोराच्या पावसानंतरचा दिवस गाठावा.

चढाचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. सहलींतून येणाऱ्यांत निवृत्त मंडळींचे प्रमाण मोठे असते आणि गुडघ्यांची कुरकूर ही काही लपवण्याची बाब नव्हे. खालच्या प्रवेशद्वारापासून पहिल्या पुलापर्यंतची वाट थोडीच आहे आणि खालचा टप्पा तेथून चांगला दिसतो. पुढे धबधब्याच्या कडेने वर जाणारी वाट मात्र खरी चढाची; पायऱ्या, ओले दगड आणि वळणे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी पहिल्या पुलाशी थांबण्यात काहीच गमावत नाही. ज्यांना वर जावयाचे आहे त्यांनी बसमधून उतरताच निघावे, छायाचित्रे परत येताना काढावीत. काही सहली पर्यटकांना वरच्या बाजूला उतरवून खाली चालत आणतात. ही पद्धत फुप्फुसांना सोयीची, गुडघ्यांना नव्हे. आरक्षणापूर्वीच कंपनीला हे विचारून घेता येते. बूट खोबणीदार तळव्याचे असावेत. चपला आणि साडी यांची जोडी येथे धोक्याची ठरते. झाडांवरच्या खारी माणसाळलेल्या असून हातातील दाण्यांसाठी पायाशी येतात. मुले येथे जी रमतात, ती धबधब्यापुढे रमत नाहीत.

कोकिळेचे घर

ट्रीबेर्ग आणि शेजारचे शोनाख येथे 'जगातील सर्वांत मोठे ककू क्लॉक' आहे. दोन्ही ठिकाणी आहे. वाद कोणता आधीचा आणि कोणता मोठा, यावर चालतो आणि दोन्ही घड्याळांपुढे बस थांबतात.

या घड्याळाचा जनक म्हणून शोनवाल्ड गावच्या एका अठराव्या शतकातील कारागिराचे नाव मार्गदर्शक सांगतात. अभ्यासक ते पुराव्याने सिद्ध मानत नाहीत, कारण कोकिळेची घड्याळे त्यापूर्वीही युरोपात होती. ज्याबद्दल शंका नाही, ती गोष्ट मात्र अधिक रंजक आहे. १८५० साली फुर्टवांगेन येथे घड्याळविद्येची शाळा निघाली. तिचा पहिला संचालक रॉबर्ट गेर्विग हा मूळचा स्थापत्य अभियंता. घड्याळांना नवे रूप मिळावे म्हणून शाळेने त्याच वर्षी आराखडे मागवले. बाडेन रेल्वेच्या इमारती बांधणारा वास्तुविशारद फ्रीडरिख आयझेनलोर याने रेल्वेमार्गावरील पहारेकऱ्याच्या छोट्या घराचे चित्र पाठवले : उतरते छप्पर, समोर घड्याळाची तबकडी, भोवती वेलबुट्टी. आज जगभर 'जंगलातील लाकडी घर' म्हणून विकला जाणारा आकार मुळात रेल्वेच्या चौकीचा आहे. आणि पुढे याच गेर्विगने ट्रीबेर्गवरून जाणारा, १८७३ साली पूर्ण झालेला, डोंगरात वेटोळी घेत चढणारा ब्लॅक फॉरेस्ट लोहमार्ग उभारला.

शेतकऱ्यांनी घड्याळे का करावीत, याचेही उत्तर याच हवेत आहे. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ, शेतीला काम नाही, लाकूड मुबलक. घरातील एक जण चाके कापी, दुसरा तबकडी रंगवी, आणि वसंतात फेरीवाला पाठीवरील चौकटीत घड्याळे लादून परमुलखात जाई. कोकिळेचा आवाज दोन छोट्या भात्यांतून आणि दोन शिट्ट्यांतून येतो. एक वरचा सूर, एक खालचा. दुकानातील प्रात्यक्षिकात हे उघडून दाखवतात आणि ते दहा मिनिटांत पाहून होते. उरलेला वेळ विक्रीसाठी असतो.

याविषयी स्पष्ट बोलणे बरे. बसने येणाऱ्या गटांना दुकानापर्यंत आणण्याची व्यवस्था पर्यटनाच्या धंद्यात जगभर आहे. दुकान गटाला स्वच्छतागृह, बस उभी करण्यास जागा, चालकाला व मार्गदर्शकाला चहा-जेवण देते. अनेक ठिकाणी विक्रीवर वाटाही ठरलेला असतो. सहलीचा दर कमी ठेवण्यात या व्यवस्थेचा हात असतो, म्हणून तिला सरसकट नावे ठेवणेही रास्त नाही. पण पर्यटकाला ती ठाऊक असावी. कार्यक्रमात दुकानाला पाऊण तास आणि धबधब्याला अर्धा तास असेल, तर ती सहल कशासाठी आखली आहे हे सांगावयास नको.

घ्यावयाचेच असेल तर यंत्र पूर्ण यांत्रिक आहे की बॅटरीवर चालणारे, हे आधी विचारावे. यांत्रिकातही दोन जाती : रोज वजने ओढावी लागणारे आणि आठ दिवसांतून एकदा ओढावे लागणारे. दुसरे महाग आणि जड. ५० युरोंहून अधिक खरेदीवर युरोपीय संघाबाहेरील रहिवाशाला विक्रीकराचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी संघाची हद्द सोडताना सीमाशुल्क कार्यालयाचा शिक्का लागतो. येथेच आपल्या लोकांची फसगत होते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपीय संघात नाही. पुढचा प्रवास बसने स्वित्झर्लंडला असेल, तर शिक्का त्या सीमेवरच घ्यावा लागतो. शंभर किलोमीटर पुढे गेल्यावर आठवण झाली, तर उपयोग नसतो. सहल-व्यवस्थापकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

दोन समुद्रांची वाट

ट्रीबेर्गहून फुर्टवांगेनकडे जाताना रस्ता पठारावर चढतो आणि दिवसातील सर्वांत महत्त्वाची जागा बसमधून नकळत निघून जाते. येथे युरोपचा जलविभाजक आहे. ट्रीबेर्गचे पाणी गुताख, किंत्सिग, ऱ्हाईन या मार्गाने उत्तर समुद्राला मिळते. फुर्टवांगेनजवळ उगम पावणारी ब्रेग मात्र पूर्वेला वळते, डॅन्यूब होते आणि सुमारे २८५० किलोमीटरचा प्रवास करून काळ्या समुद्रात जाते. ब्रेगच्या उगमाजवळच एल्त्स नावाची दुसरी नदी उगम पावते आणि ती ऱ्हाईनला मिळते. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात उभे राहून सावित्री पश्चिमेला आणि कृष्णा पूर्वेला जाते हे ज्याने ऐकले आहे, त्याला याचे अप्रूप वेगळे सांगावे लागणार नाही. डॅन्यूबचा खरा उगम आपल्याच गावात, असा दावा फुर्टवांगेन आणि खाली असलेले डोनाउएशिंगेन ही दोन्ही गावे करतात. घड्याळावरून भांडणाऱ्यांनी नदीवरूनही भांडावे, यात नवल नाही.

फुर्टवांगेनमधील जर्मन घड्याळ संग्रहालय ही एक तास खर्चण्याजोगी जागा. ट्रीबेर्गच्या दुकानांत जे विकत मिळते, त्याचा खरा इतिहास येथे पाहता येतो. तरी फार थोड्या सहली तेथे थांबतात.

दुपारी टिटिसी. फेल्डबेर्गवरून उतरलेल्या हिमनदीने कोरलेले, सुमारे ४० मीटर खोल तळे, काठावर नौका, दुकाने आणि उपाहारगृहे. हेच ते गाव जेथे अलीकडच्या वर्षांत मराठी, गुजराती व पंजाबी एकाच रांगेत ऐकू येतात. येथे केक खाण्याचा प्रघात आहे. आपल्याकडील बेकरीत 'ब्लॅक फॉरेस्ट' नावाने मिळणारा केक आणि मूळ पदार्थ यांत एक मोठा फरक आहे : मूळ केकमध्ये चेरीपासून गाळलेली किर्शवासर ही दारू असते, आणि जर्मन नियमांनुसार ती चवीला जाणवेल इतकी असावी लागते. मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी, लहान मुलांच्या पालकांनी हे आधी जाणून घ्यावे. अंड्याचा प्रश्न वेगळाच. जेवणात शाकाहारींसाठी चीज घातलेले श्पेत्झले हा पोटभर पदार्थ आहे. तथापि त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारल्यावाचून मागवू नये. त्याच्या पिठातही अंडे असते.

परतीची वाट ह्योलेनटाल, म्हणजे 'नरकाची दरी', या नावाच्या घळीतून फ्रायबुर्गकडे उतरते. लग्नासाठी व्हिएन्नाहून फ्रान्सला निघालेली चौदा वर्षांची मारी आंत्वानेत १७७० च्या मे महिन्यात गेली, ती याच घळीतून. तिच्या बग्ग्यांचा ताफा पन्नासच्या वर होता आणि तो जावा म्हणून येथील अरुंद वाट रुंद करण्यात आली. स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाईनच्या बेटावर तिला फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यात आले. म्हणजे संध्याकाळी स्ट्रासबुर्गला परतणारी बस राजकन्येच्याच वाटेने जाते. घळीच्या सर्वांत चिंचोळ्या जागी कड्यावर सांबराचा पुतळा आहे. शिकाऱ्यापासून वाचण्यासाठी सांबराने येथून दरीपार उडी घेतली, अशी लोककथा. बस येथे थांबत नाही. डाव्या-उजव्या खिडकीवरून कुजबुज होते आणि पुतळा मागे पडतो.

चालकासमोरचे यंत्र

आता त्या यंत्राविषयी. युरोपीय संघातील अशा पर्यटक बसमध्ये टॅकोग्राफ नावाचे उपकरण असते. चालक आपले कार्ड त्यात घालतो आणि बस किती वेळ धावली, किती वेळ थांबली, चालकाने दिवस केव्हा सुरू केला व केव्हा संपवला, याची मिनिटामिनिटाची नोंद होते. एप्रिल २००७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार चालकाला दिवसात नऊ तासच बस चालवता येते. आठवड्यातून दोनदा दहा. सलग साडेचार तास चालवल्यावर किमान ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती हवी. ठरावीक वेळा ती नऊ तासांपर्यंत कमी करता येते. २०२४ मध्ये पर्यटक बसगाड्यांसाठी यात थोडी सवलत देण्यात आली, जसे ४५ मिनिटांचे तुकडे सोयीने पाडता येतात. मूळ चौकट मात्र तीच आहे. पोलीस रस्त्यात बस थांबवून या नोंदी तपासतात आणि उल्लंघनाचा दंड जबर असतो.

या नियमांमुळे 'पाच मिनिटे थांबा हो, काका येताहेत' हे वाक्य येथे महाग पडते. अकरा तासांची विश्रांती म्हणजे चालकाचा कामाचा पल्ला तेरा तासांचा. प्रवासी आठला चढतात, पण चालक सातला बस तपासण्यास आलेला असतो. प्रत्यक्ष धावण्याचे तास पाच, थांब्यांचे सहा, म्हणजे संध्याकाळी सातला परत. त्यानंतर बस झाडून, इंधन भरून उभी करावयाची. आता चार थांब्यांवर प्रत्येकी पंधरा मिनिटे उशीर झाला की एक तास गेला. त्यात संध्याकाळची फ्रायबुर्गची गर्दी. चालकाने रात्री दहाला काम संपवले, तर अकरा तासांच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी सकाळी नवापूर्वी तो हजर होऊ शकत नाही. मग दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमातून काहीतरी गळते, आणि त्याचे कारण प्रवाशांना ठाऊक नसते.

दुसरी बारीक बाब अशी की, गट धबधब्यावर असताना चालकाची विश्रांती मोजली जाते ती तो खरोखर मोकळा असेल तरच. 'स्वेटर राहिला, जरा बस इकडे आणा' म्हणून बस हलवली की ती विश्रांती खंडित होते. चालक नकार देतो तेव्हा तो उद्धट नसतो. स्वेटर, छत्री, औषधे, पाण्याची बाटली हे उतरतानाच घ्यावे. बसमध्ये स्वच्छतागृह असले तरी ते अडीअडचणीपुरते समजावे. महामार्गावरील विश्रांतिस्थळी त्यासाठी साधारण एक युरो पडतो, तेव्हा सुटी नाणी खिशात असावीत. पट्टा बांधणे सक्तीचे आहे आणि या वळणांच्या रस्त्यावर ते शहाणपणाचेही आहे. ज्यांना घाट लागतो त्यांनी पुढच्या आसनांची विनंती सकाळीच करावी, गोळी निघण्यापूर्वी घ्यावी.

मार्गदर्शकाविषयीही एक गैरसमज असतो. जर्मनीत मार्गदर्शकाच्या व्यवसायाला सरकारी परवान्याची अट नाही. काही मार्गदर्शक जन्मभर या डोंगरात राहिलेले असतात; काही जण आदल्या आठवड्यात पाठांतर करून आलेले. भारतातून गटाबरोबर येणारा सहल-व्यवस्थापक हा तिसराच. त्याचे काम खोल्या, जेवण आणि डोकी मोजणे. 'स्थानिक मार्गदर्शक समाविष्ट आहे का, आणि तो दिवसभर असतो का', हा प्रश्न मुंबई-पुण्यातील कार्यालयात बसूनच विचारावा.

जंगलाचे वय

२६ डिसेंबर १९९९ रोजी 'लोथार' नावाच्या वादळाने या प्रदेशातील प्रचंड वृक्षराई काही तासांत आडवी केली. ओळीत लावलेली, उथळ मुळांची स्प्रूसची झाडे काडीपेटीतील काड्यांसारखी पडली. बाइयर्सब्रोनजवळ उंच रस्त्याच्या कडेला अशी सुमारे दहा हेक्टर जागा हेतूपूर्वक तशीच ठेवली गेली. पडलेले ओंडके उचलले नाहीत, नवी झाडे लावली नाहीत. २००३ मध्ये तेथे लाकडी फळ्यांची व शिड्यांची वाट बांधण्यात आली. आज त्या ओंडक्यांमधून बर्च, रोवन, देवदार, बीच आपापले उगवले आहेत. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत स्प्रूसवर सालकिड्यांचा मोठा हल्ला झाला. खिडकीतून मध्येच दिसणारे राखी-तपकिरी पट्टे ते त्याचेच.

१ जानेवारी २०१४ रोजी सुमारे दहा हजार हेक्टरांवर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याआधी मे २०१३ मध्ये परिसरातील सात गावांत झालेल्या मतदानात बहुसंख्य रहिवाशांनी उद्यानाविरुद्ध कौल दिला होता. लाकूडकाम करणाऱ्यांना रोजगाराची, इतरांना सालकिडा पसरण्याची चिंता होती. पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालावर सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ज्या स्वरूपाच्या शंका निघाल्या, त्यांची येथे आठवण होते. डोंगर वाचवावा हे सर्वांना मान्य असते. आपल्या अंगणापासून सुरुवात करावी का, येथे मतभेद होतात.

हे उद्यान उत्तर भागात आहे. ट्रीबेर्ग-टिटिसीच्या सहलीत ते बसत नाही. बाडेन-बाडेनहून निघणाऱ्या सहलीत बसू शकते. ज्यांना दक्षिणेकडेच दुसरा धबधबा हवा आहे त्यांच्यासाठी टोटनाउ येथे ९७ मीटरचा प्रपात आहे. २०२३ पासून त्याच्या परिसरात ४५० मीटर लांबीचा झुलता पूल झाला आहे. उंचीची भीती असणाऱ्यांनी तो खालून पाहावा.

बस नकोच असेल, तर रेल्वे हा चांगला पर्याय आहे. ऑफेनबुर्गहून ट्रीबेर्गला गेर्विगच्या मार्गावरून बोगद्यांमागून बोगदे ओलांडत जाता येते, फ्रायबुर्गहून टिटिसीला तर गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचते. ट्रीबेर्गचे स्थानक धबधब्यापासून दूर व खाली आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. चढ टाळण्यासाठी गावातील बस घ्यावी. या भागात सहभागी गावांतील हॉटेलात एक रात्र जरी मुक्काम केला, तरी पाहुण्यांना 'कोनुस' नावाचे कार्ड मिळते आणि त्यावर परिसरातील रेल्वे व बस विनामूल्य असतात. मुक्काम दोन रात्रींचा असेल, तर धबधब्यासाठी अर्धा दिवस सहज निघतो.

हंगाम मे ते ऑक्टोबर. डिसेंबरमध्ये ह्योलेनटालातील रावेन्ना पुलाखाली नाताळचा बाजार भरतो आणि त्यासाठी खास बसगाड्या निघतात. त्या दिवसांत साडेचारनंतर अंधार पडतो व धबधब्याच्या वाटा बर्फामुळे बंद असू शकतात. म्हणून हिवाळी सहलीत ट्रीबेर्ग सकाळच्या सत्रात आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.